मेल्टनच्या फाट्यातला पाचवा मासा

आधीच सांगते, हे मी रचलेलं नाही.

रचायचंच असतं तर रात्र घेतली असती. अमावास्या घेतली असती. आणि शेवट तरी जरा नीट लावला असता.

पण हे भर सकाळी घडलं. मार्चमधला शनिवार होता. जागा अलाबामात, कूसा नदीच्या धरणाच्या पाण्यात, मेल्टनच्या फाट्यात. मोठ्या तळ्यातून एक चिंचोळं पाणी झाडीत आत शिरतं, तोच हा फाटा. होडीत तिघं होतो. मी, माझी आतेबहीण डार्बी आणि माझे डॅडी. डॅडींना काही विचारू नका, ते झोपले होते. डार्बीला विचारा.

नाहीतर राहू दे. तिला सध्या नकाच विचारू.

मी टिली. दहावीत आहे. आमच्या शाळेच्या मासेमारीच्या टीममध्ये डार्बी आणि मी जोडी. एका होडीत दोन मुली आणि मोठी मोटर चालवायला एक मोठं माणूस, असा नियम. मोठ्या माणसाने सल्ले हवे तेवढे द्यावेत, पण रॉडला बोट लावायचं नाही. दिवसभरात पाच बास मासे आणायचे, जिवंत आणायचे. त्यांचं वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचे. ज्यांचे पाच सगळ्यांत जड, ते पुढे जातात.

त्या शनिवारी पुढे जाणं म्हणजे राज्याची फायनल होती.

मला पुढच्या वर्षी परत संधी होती. डार्बीला नव्हती. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. एका कॉलेजच्या कोचने तिला सांगितलं होतं, "फायनलला ये, तिथे तुला बघतो." फी माफ झाली असती. नाहीतर डॅडी जातात त्याच चिकनच्या कारखान्यात रात्रपाळी. तिच्या आईने तिथे बोलूनही ठेवलं होतं.

म्हणजे पाच मासे हवे होते. बस, एवढंच.

पहाटे निघालो तेव्हाच सगळे दमलेले होते. डॅडी रात्रपाळी करून, कपडे न बदलता थेट ट्रकमध्ये बसले. पंपावर सॉसेज घातलेले गरम पाव घेतले. ते डॅडींनी हातात धरले आणि खायचे विसरले.

"अंकल वेस, मी चालवू का ट्रक?" डार्बी डॅडींना म्हणाली.

"माझ्या होडीला मागे बांधून? मागच्या वेळी तू पत्रपेटी पाडलीस."

"ती पत्रपेटीच मध्ये आली होती."

"हो. चालत आली."

तेवढंच हसलो.

पाण्यावर धुकं होतं. गार पाण्यात मासा सुस्त असतो. त्याच्यामागे पळायचं नसतं. गळाला काळा प्लास्टिकचा गांडूळ लावायचा, काठाजवळ टाकायचा, तळाला बसू द्यायचा. मग इतका हळू ओढायचा, इतका हळू की आपल्यालाच झोप यावी. मला नाही जमायचं हे आधी. मला सारखं काहीतरी करायचं असतं. डार्बीने शिकवलं.

"हात नको हलवू. तो काय बस चुकवणार आहे?"

दहाच्या सुमाराला आमच्याकडे चार मासे होते. होडीत पाण्याची टाकी असते, त्यात सोडलेले. दोन चांगले, दोन यथातथा. एक धड पाचवा मिळाला की झालं.

पाचवा मिळेना.

बाहेरच्या मोठ्या तळ्यावरचं धुकं उठलं होतं. मेल्टनच्या फाट्यातलं मात्र तसंच बसून होतं. डार्बी पुढे उभी राहून पायाने छोटी विजेची मोटर चालवत होती. काठ धरून आत, आणखी आत. डॅडींची मान छातीवर पडली होती. ते घोरत होते.

आणि पुढे धुक्यात आवाज आला...

टुप्प.

ज्याने आयुष्यात एकदा गळ टाकलाय त्याला तो आवाज कळतो. दगड नव्हता. मासा उडाला नव्हता. शिसं बांधलेला गांडूळ पाण्यात पडला की असाच वाजतो.

"कोणीतरी आहे पुढे," डार्बी हळूच म्हणाली आणि तिने मोटर बंद केली.

आमच्यात एक रीत आहे. एखादी होडी काठ धरून चालली असेल तर तिच्या पुढचं पाणी तिचं. तिथे घुसायचं नाही, वळसा घालून आडवं जायचं नाही. कोण कुठल्या बाजूने चाललंय ते विचारायचं आणि मागे राहायचं. ही रीत मोडणाऱ्याला लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. उतारावर होडी पाण्यात ढकलताना त्याला कुणी हात लावत नाही.

म्हणून मी ओरडले, "सर! कुठल्या अंगाने चाललात? आम्ही मागे राहतो!"

डार्बी वळून बघायला लागली. "अगं, गेल्या वर्षी तू फोनवर पिझ्झा मागवायला घाबरायचीस."

"गेलं वर्ष संपलं," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही.

मग आलं. खूप उशिरा आलं.

"पुढेच चाललोय..."

पुरुषाचा आवाज होता. म्हातारा म्हणावा असाही नाही. पण दमलेला. माझे डॅडी शिफ्टवरून येऊन बूट काढताना बोलतात ना, तसा. त्याहूनही खोल.

"या तुम्ही मागून. घाई नाही."

आम्ही मागून निघालो. पुढे टुप्प. जरा वेळाने आणखी पुढे टुप्प. होडीतली खुर्ची करकरल्याचा आवाज. एकदा खोकला.

पण मोटर वाजत नव्हती. वल्हंही नाही.

मी पाण्याकडे बघत होते. त्याची होडी समोरच होती म्हणजे तिच्या लाटा आमच्यापर्यंत यायला हव्या होत्या. गळ पडला की वलयं उठायला हवीत.

टुप्प...

पाणी काचेसारखं. एक वलय नाही.

मी डार्बीकडे बघितलं. तीही पाण्याकडेच बघत होती. खरं सांगू? इतकं दमायला झालं होतं की घाबरायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

उलट डार्बीने, शेजारच्या होडीला विचारतात तसं विचारलं, "सर, काय लावलंय? आम्हाला तासाभरात माशाचा एक टोचासुद्धा नाही."

"काळा गांडूळ."

"आम्हीपण तोच!"

"मग खाली जाऊ द्या. खूप खाली जाऊ द्या... आणि वाट बघा."

"किती वेळ?"

नुसती खुर्ची करकरली.

"दमेपर्यंत."

डार्बीने खांदे उडवले. मी गळ टाकला. आमच्या मागच्या बाजूला, त्याचं पाणी सोडून. गांडूळ खाली गेला. रिळावरून दोरी सुटत राहिली.

सुटतच राहिली...

तिथे पाणी फार तर कमरेएवढं. मी डोळ्यांनी बघत होते, दोरी सरळ खाली चालली होती. रिळावरची दोरी निम्मी झाली. त्याहून कमी झाली. मग थांबली.

मी वाट बघितली. डार्बीने शिकवल्यासारखी. हात न हलवता.

आणि टोचा आला. हळू. कुणी दारावर एका बोटाने ठकठक करावं तसा.

मी रॉड खेचला. रॉड वाकला. असा वाकला की मी होडीच्या कडेला आपटले. "डार्बी!" ती जाळं घेऊन आली. मासा वर येत होता आणि मी बघितलं तर तो एवढा मोठा, एवढा मोठा, हा एकटाच आम्हाला फायनलला नेणार होता. डार्बी हसत होती. रडतही होती बहुतेक.

मासा कडेला आला. डार्बीने जाळं खाली घातलं आणि तशीच थांबली.

"टिली... हे काय?"

त्याच्या तोंडात माझा गळ होता, आणि आणखी एक. दुसराही काळाच गांडूळ, पण झिजलेला, मऊ पडलेला. त्याला जाडसर पिवळट दोरी होती. अशी दोरी आता कुणी वापरत नाही.

ती दोरी पाण्यावरून धुक्यात गेली होती. आणि ती ताणलेली होती.

पलीकडून कुणीतरी रीळ फिरवत होतं. टक... टक... टक...

"तुमच्याही गळाला लागलाय का?" आवाज आला. चिडलेला नव्हता. उलट अगदी नम्र होता.

"हो सर," मी म्हटलं.

"तुम्हाला हवा असेल तर ठेवा... मलाही एकच कमी होता. चार आहेत माझ्याकडे. केव्हाचे."

डॅडी घोरत होते. मी डार्बीकडे बघितलं. डार्बीने खिशातून कातर काढली. पिवळी दोरी तिच्या हातापासून वीतभरावर होती. एक कट, आणि कॉलेज.

"काप ना," मी कुजबुजले.

"कुणाची?"

"डार्बी!"

"त्याचा गळ जुना आहे, टिली. आधी त्याचा लागलाय." तिने डोळे पुसले. "ज्याचा गळ आधी, मासा त्याचा. तुला कुणी असं केलं असतं तर तू अख्ख्या शाळेत बोंब मारली असतीस."

आणि तिने माझी दोरी कापली.

मी मागे पडले. मासा धडपडला नाही. शेपटीचा एक फटका नाही. टेबलावरून ताट ओढून घ्यावं तसा तो पाण्यावरून धुक्यात सरकत गेला.

धप्प.

खुर्ची करकरली. मग एक श्वास ऐकू आला. लांब, खूप लांब. दिवसभराचं ओझं खाली ठेवताना सोडतात तसा.

"थँक यू, मॅम."

पुढे काहीच नाही. टुप्पही नाही.

डार्बीने दोनदा हाक मारली. "सर? सर!"

त्या हाकेने डॅडी जागे झाले. "काय चाललंय? होडी चिखलात घालताय की काय?"

आम्ही समोर बघितलं. धुकं उठलं होतं.

पुढे पाणीच नव्हतं.

हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरवतात, ते अजून भरलेलं नव्हतं. आमच्या होडीच्या नाकापासून पुढे नुसता चिखल. झाडीपर्यंत. तिथे होडी काय, बदकही पोहलं नसतं. चिखलावर एकाही पायाचा ठसा नव्हता. फक्त एक गुळगुळीत ओढल्याची खूण होती, वीतभर रुंद. ती आमच्यापासून निघून मध्यापर्यंत गेली होती...

आणि तिथेच संपली होती.

"चला, वेळ झाली," डॅडी म्हणाले. "किती झाले?"

"चार," डार्बी म्हणाली.

डॅडींनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मोटर सुरू केली.

उतारावर होडी लागली. डॅडी ट्रक आणायला गेले. आम्ही मासे पिशवीत भरायला टाकीचं झाकण उघडलं.

आत पाच होते.

मी पुन्हा मोजले. दोन चांगले. दोन यथातथा. आणि तो. त्याच्या ओठात माझा गांडूळ होता आणि कापलेल्या दोरीचं टोक. दुसरा गळ नव्हता.

"तू घातलास?" डार्बी म्हणाली.

"मी? मी तर पडलेले होते!"

"मग कोणी?"

"त्याने दिला, डार्बी. तू नियमाने वागलीस, म्हणून त्याने परत दिला. आणि लागला तर माझ्याच गळाला होता ना? खोटं काय आहे त्यात? बघ, माझा गळ आहे तोंडात!"

ती टाकीच्या काठावर बसली. स्पर्धेतल्या बाकीच्या मुली पिशव्या घेऊन आमच्या शेजारून जात होत्या, कुणाची पिशवी किती जड ते नजरेने मोजत होत्या.

"माझं शेवटचं वर्ष आहे, टिली," ती म्हणाली. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "उचल."

मी उजवा हात ओला केला. कोरड्या हाताने माशाला धरत नाहीत, त्याच्या अंगावरचं बुळबुळीत निघून जातं. अंगठा त्याच्या खालच्या ओठात घातला, तसंच धरतात बासला. आणि उचलला.

हात एकदम वर आला.

घाईत होते. लक्ष दिलं नाही.

वजनाच्या टेबलावर मिस्टर ओडम होते. इथल्या मासेमारी क्लबचे जुने सभासद, दरवर्षी तेच बसतात. आमचा मासा बघून मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. "अरे वा, डार्बी! हा काय घरून आणलास?"

मिस्टर ओडमनी पाचही मासे काट्यावर ठेवले. आकडा बघितला. काट्याला टिचकी मारली. परत बघितला.

"काटा अडकला," ते म्हणाले. आमचे मासे बाजूला काढले, मागच्या मुलींचे ठेवले. काटा ठीक होता. पुन्हा आमचे ठेवले.

"काय झालं?" डार्बी म्हणाली.

त्यांनी मोठा मासा उचलून बाजूला धरला. काट्यावर चार राहिले.

आकडा हलला नाही.

मासा परत ठेवला...

आकडा हलला नाही.

तो तिथे होता. सगळ्यांना दिसत होता. कल्ले हलत होते, तोंड उघडत होतं, मिटत होतं. इतर चौघांच्या अंगावर आडवा पडला होता.

"चला की राव, आमचे मासे मरतायत इथे!" मागून कोणीतरी ओरडलं.

मिस्टर ओडमनी टोपी काढली, कपाळ पुसलं. डार्बीला विचारलं, "पोरी, काट्याने दाखवलं तेच मला लिहावं लागेल. चालेल ना?"

"चालेल, सर," डार्बी म्हणाली. तिने वादच घातला नाही. मी घातला असता. पण ज्या हाताने त्यांनी मासा धरला होता, तो माझ्या नजरेसमोर होता. ते तो हात सारखा उघडमिट करत होते.

आमचं वजन चार माशांचं झालं. थोडक्यात गेलं. पाचवा अगदी पोरटा असता तरी पुरला असता.

मासे डार्बीनेच सोडले. चौघं झटकन खाली गेले. त्याला तिने दोन्ही हातांनी पोटाखाली धरून पाण्यात मागेपुढे केलं. दमलेला मासा तसा शुद्धीवर आणतात. बराच वेळ करत होती. मग सोडला. तो खाली गेला नाही. वाळलेल्या पानासारखा वरच तरंगत राहिला, आणि वाऱ्याच्या उलट, मेल्टनच्या दिशेने गेला.

"चल," डार्बी म्हणाली. "भूक लागलीये."

फायनल झाली. आम्ही नव्हतो. मे महिन्यात डार्बीची शाळा संपली आणि ती कारखान्यात लागली. रात्रपाळीलाच.

मी कुणाला हे सांगितलं नसतं. पण मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. रात्र होती, मी झोपायला निघाले होते.

"टिली, एक विचारू? हसू नकोस. तुझा उजवा हात... कसा आहे?"

उजव्या हाताबद्दल मी डॅडींनाही बोलले नव्हते. दप्तर डाव्या हातात घेतलं तर खांदा दुखतो. उजव्यात घेतलं तर हातात काही आहे असं वाटतच नाही. दुधाचा कॅन, विटा, मासा... काहीच. गेल्या महिन्यात एक चांगला बास लागला, तर तो केवढा आहे हे मला डोळ्यांनी बघून कळलं.

"तुझाही?" मी विचारलं.

"माझे दोन्ही," ती म्हणाली. "मी कोंबड्यांचे क्रेट उचलते इथे. शिफ्ट संपता संपता सगळे भिंतीला टेकून खाली बसतात. बायका रडतात गं पाठ धरून. अंकल वेस जेवतानाच झोपतात. मी उभीच असते. सुपरवायझर म्हणतो, तुझ्यासारख्या चार पाहिजेत."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"झोप येत नाही, टिली. मार्चपासून. पडून राहते नुसती." मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "मला दमायचंय गं."

तिने फोन ठेवला.

मी तशीच उभी होते. फोन माझ्या उजव्या हातात होता.

असणार. खाली बघायचा मला धीर झाला नाही.